यमाची दिशा आणि उत्तरेला वळलेली नदी : मार्कंडा ते हेमलकसा

१/ भारतीय परंपरेत दक्षिण ही यमाची दिशा मानली जाते. विदर्भातील वैनगंगा या दक्षिणेकडेच वाहत जाते. परंतु गडचिरोली जिल्ह्यातील एका वळणावर ती काही अंतर मागे, उत्तरेकडे वळते. नेमक्या त्याच वळणावर मृत्यूला परतवून लावणाऱ्या मुलाचे देवस्थान उभे आहे. त्या मार्कंड्याची ही कथा. 🧵

२/ स्थान : मार्कंडा देव, तालुका चामोर्शी. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यामुळे जुन्या ग्रंथांत हे स्थळ ‘चांदा’ जिल्ह्यात सापडते. वैनगंगेच्या डाव्या काठी, उंच दरडीवर, दगडी आवारात हा मंदिरसमूह आहे. लोक त्याला ‘विदर्भाची काशी’ म्हणतात आणि शिल्पांमुळे ‘विदर्भाचे खजुराहो’ही.

३/ आख्यायिका परिचित आहे. मृकंडू ऋषी आणि त्यांची पत्नी मरुद्वती यांना संतान नव्हते. शंकर प्रसन्न झाले आणि त्यांनी दोन पर्याय पुढे ठेवले : दीर्घायुषी पण मतिमंद पुत्र, किंवा गुणवान पण केवळ सोळा वर्षे जगणारा पुत्र. दांपत्याने दुसरा पर्याय निवडला. मृकंडूचा पुत्र म्हणून त्याचे नाव मार्कंडेय.

४/ सोळावे वर्ष सरत आले. यम पाश घेऊन आला तेव्हा मुलाने शिवलिंगाला मिठी मारली. यमाने पाश टाकला आणि तो मुलासह लिंगावरही पडला. लिंग दुभंगून शिव प्रकट झाले व त्यांनी यमाला परास्त केले. मार्कंडेय कायमचा सोळा वर्षांचा राहिला आणि शिवाला ‘कालारी’, म्हणजे काळाचा शत्रू, हे नाव मिळाले.

५/ महाराष्ट्रात हा प्रसंग दगडात पाहायचा असेल तर वेरूळला जावे. लेणी क्रमांक १५, म्हणजे दशावतार लेण्यात, लिंगातून बाहेर झेपावणारा शिव आणि लिंगाला बिलगलेला मार्कंडेय कोरलेला आहे. याच लेण्यात राष्ट्रकूट राजा दंतिदुर्गाचा शिलालेख आहे. म्हणजे आठव्या शतकात ही कथा दख्खनमध्ये राजाश्रयाच्या शिल्पांत स्थिरावलेली होती.

६/ ही घटना आपल्याच गावी घडली, असे सांगणारी स्थळे अनेक आहेत. तमिळनाडूतील तिरुक्कडैयूर हे त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. तेथे आजही साठी पूर्ण केलेली दांपत्ये आयुष्यवृद्धीसाठी पुन्हा विवाहविधी करतात. वाराणसीजवळ कैथी येथे मार्कंडेय महादेव आहे. नाशिक जिल्ह्यात सप्तशृंगीसमोरचा डोंगर मार्कंडेयाचा मानतात. सोलापूरचा पद्मशाली विणकर समाज त्यांना आपले मूळपुरुष मानतो आणि नारळी पौर्णिमेला त्यांचा रथोत्सव काढतो.

७/ मग ही कथा वैनगंगेच्या काठी का रुजली? उत्तराचा एक धागा भूगोलात सापडतो. उत्तरवाहिनी नदी पवित्र, ही जुनी धारणा आहे. काशीचे माहात्म्यही तेथे गंगा उत्तरेकडे वाहते या गोष्टीशी जोडलेले आहे. यमाच्या दिशेने निघालेली नदी जेथे त्याच्याकडे पाठ फिरवते, तेथे मृत्यूला पाठ दाखवायला लावणारा देव असावा, हे भाविक मनाला स्वाभाविक वाटले असणार. नदीने आधी वळण घेतले, कथा मागून त्या वळणावर येऊन बसली.

८/ आता मंदिराकडे. आवार सुमारे १९६ फूट लांब आणि ११८ फूट रुंद. त्यात लहानमोठी वीसेक मंदिरे होती. पुष्कळशी भग्न झाली आहेत, काहींचे केवळ अवशेष उरले आहेत. मुख्य मंदिर मार्कंडेश्वराचे. त्याच्या बाह्य भिंतींवर शिवाची विविध रूपे, देवता, अप्सरा आणि प्राणी यांच्या ओळी एकावर एक चढत जातात.

९/ गावोगावी या मंदिरांना ‘हेमाडपंती’ म्हटले जाते. हेमाद्री पंडित हा तेराव्या शतकातील देवगिरीच्या यादवांचा मंत्री. मार्कंड्याची शिल्पशैली त्याच्या काळाच्या आधीची, साधारण दहाव्या-अकराव्या शतकातील मानली जाते. विदर्भात दगडी देऊळ दिसले की ते हेमाडपंती म्हणायचे, ही एक सवय झाली आहे. लोककथा आणखी पुढे जाते. तिच्या मते ही सारी मंदिरे दानवांनी एका रात्रीत बांधली.

१०/ या समूहाचा पहिला तपशीलवार अभ्यास केला तो अलेक्झांडर कनिंगहॅम याने. १८७१ मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षणाचा महासंचालक झाल्यावर तो मध्य प्रांतात फिरला. १८७३ ते १८७५ या काळातील दौऱ्यांच्या अहवालात त्याने मार्कंड्याची मोजमापे नोंदवली आणि शिल्पांची मनापासून प्रशंसा केली. खजुराहो अभ्यासलेल्या माणसाची ही प्रशंसा आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

११/ त्या काळच्या नोंदींतील एक हकिकत या स्थळाच्या इतिहासाचा गाभा आहे. मुख्य मंदिरावर वीज पडली. शिखराचा वरचा भाग तुटून महामंडपावर कोसळला आणि छप्पर फुटले. मृत्युंजयाचे घरच मोडले. पुढे चांद्याच्या गोंड राजाने त्याची डागडुजी करवली. दुरुस्ती मूळच्या नजाकतीची नव्हती, पण तिने पडझड थोपवली.

१२/ येथे क्षणभर थांबावे. ‘गोंड राजे’ म्हटले की अनेकांना केवळ बल्लारपूर आणि चंद्रपूरचे किल्ले आठवतात. प्रत्यक्षात याच घराण्याने चंद्रपूरचा अचलेश्वर व महाकाली ही देवस्थानेही जोपासली. १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांनी चांद्याची सत्ता घेईपर्यंत या मुलखाचे स्वामी तेच होते. मार्कंड्याचे मंदिर कोरणारे हात वेगळे, ते पडू न देणारे हात वेगळे. इतिहासात पहिल्यांची नावे शोधली जातात, दुसऱ्यांची सहसा राहून जातात.

१३/ आवारातील आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. मार्कंडेश्वर, त्याचे वडील मृकंडू ऋषी आणि शंकर यांच्या मंदिरांबरोबर येथे यमधर्माचेही मंदिर आहे. ज्याचा पराभव झाला त्याचे देऊळ विजेत्याच्या अंगणात! परंपरेला यमाचा नाश अभिप्रेत नव्हता. यम हा ‘धर्म’ही आहे. मृत्यू नसेल तर पृथ्वीचा भार कोण उतरवणार, हा प्रश्न या कथेच्या पोटात आहे. त्याचे उत्तर नदीच्या पुढच्या प्रवासात मिळते.

१४/ मार्कंड्याचे वळण घेतल्यावर वैनगंगा पुन्हा दक्षिणेची वाट धरते. चपराळ्याजवळ तिला वर्धा नदी मिळते आणि संयुक्त प्रवाहाला नवे नाव लाभते : प्राणहिता, म्हणजे प्राणांचे हित करणारी. ही प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत विलीन होते. संगमाच्या पलीकडच्या तीरावर, आजच्या तेलंगणात, काळेश्वर आहे. तेलुगू परंपरेतील तीन प्रमुख लिंगस्थानांपैकी हे एक, श्रीशैलम आणि द्राक्षारामम यांच्या पंक्तीतले.

१५/ काळेश्वरच्या गाभाऱ्यात एकाच पीठावर दोन लिंगे आहेत : एक काळेश्वराचे, म्हणजे यमाचे, आणि दुसरे मुक्तेश्वराचे, म्हणजे शिवाचे. स्थळपुराण सांगते की मुक्तेश्वराच्या दर्शनाने सर्वांनाच मुक्ती मिळू लागली आणि यमलोक ओस पडला. यमाने गाऱ्हाणे मांडले. शिवाने त्याला आपल्या शेजारी जागा दिली आणि आधी त्याचे पूजन करण्याचा नियम घातला. वर लढाई, खाली तह. दोन्ही एकाच पाण्याच्या काठी.

१६/ याच जिल्ह्यात तिसरे पाणीही आहे. पूर्वेकडे, अबुझमाडच्या पायथ्याशी, भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती यांचा संगम होतो. शेजारीच हेमलकसा. येथे कोरीव शिखर नाही, स्थळपुराण नाही. हा माडिया गोंडांचा प्रदेश. त्यांचे देव झाडाखाली, डोंगरावर आणि गावाच्या वेशीवर असतात. मृत व्यक्तीच्या स्मरणार्थ दगड उभा करण्याची त्यांची प्रथा आहे. जगात बहुतेक ठिकाणी उत्खननातच भेटणारी महापाषाण परंपरा येथे जिवंत आहे.

१७/ मार्कंड्यात मृत्यूला हरवले, काळेश्वरात त्याला शेजारी बसवले. माडियांनी दोन्ही केले नाही. गेलेला माणूस गावापासून तुटू नये म्हणून त्याच्यासाठी दगड रोवला. ‘गडचिरोलीचा धार्मिक इतिहास’ लिहिताना केवळ कोरीव दगड मोजले, तर हा न कोरलेला दगड गणतीतून सुटतो. वयाने मात्र ही कल्पना शिखर असलेल्या मंदिरांपेक्षा कितीतरी जुनी आहे.

१८/ याच हेमलकशात २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे वीज व रस्ता नसताना दवाखाना चालवला. हिवताप, सर्पदंश आणि अस्वलाच्या हल्ल्यातील जखमा यांनी जाणारे प्राण परत आणणे, हे त्या दवाखान्याचे रोजचे काम होते. २००८ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ‘प्राणहिता’ या शब्दाला विसाव्या शतकात मिळालेला हा एक अर्थ म्हणता येईल.

१९/ आज मार्कंड्याला जाणाऱ्याने काय पाहावे? महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते आणि दोन्ही जिल्ह्यांतील भाविक वैनगंगेत स्नान करून दर्शन घेतात. त्यांत आदिवासी भाविकही असतात. गर्दी टाळून शिल्पे पाहायची असतील तर इतर दिवस बरे. दर्शन झाल्यावर यमधर्माचे मंदिर चुकवू नये. मग नदीकाठी उभे राहून प्रवाहाची दिशा पाहावी. आख्यायिका तेथेच नीट समजते.

२०/ आणि मंदिराची अवस्थाही पाहावी. हे केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक आहे. गेल्या दशकात मुख्य मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी शिखराचा भाग उतरवण्यात आला आणि पुढे काम दीर्घकाळ रेंगाळले. ते पूर्ण व्हावे म्हणून स्थानिक लोक सातत्याने मागणी करत आले आहेत. वीज पडल्यानंतर कोणा राजाने जे केले, ते आता लोकशाहीतील नागरिकांना मागून घ्यावे लागते.

२१/ मार्कंडेय चिरंजीव आहे, असे पुराण सांगते. त्याचे मंदिर मात्र चिरंजीव नाही. ते वीज, पाऊस, पूर आणि विस्मरण यांच्या पाशात पुन्हा पुन्हा सापडते. प्रत्येक वेळी कोणीतरी त्याला मिठी मारली म्हणून ते वाचले : कधी गोंड राजाने, कधी मोजपट्टी घेऊन आलेल्या अभ्यासकाने, आणि दरवर्षी महाशिवरात्रीला नदी ओलांडून येणाऱ्या माणसांनी.

#इतिहास #गडचिरोली #मार्कंडा #हेमलकसा