पावलांची लय : दोष की आरोग्याचे लक्षण?

माणसाचे पाऊल हे अंतर मोजण्याचे जुने साधन होय. मात्र कोणाचीही दोन पावले तंतोतंत सारखी पडत नाहीत. या असमानतेकडे पाहण्याची दृष्टी गेल्या दीड शतकात कशी पालटली, हे अभ्यासण्यासारखे आहे.

भारतीय सर्वेक्षण खात्याला एकोणिसाव्या शतकात हिमालयापलीकडचा प्रदेश नकाशावर आणायचा होता. युरोपीय अधिकाऱ्यांना तेथे प्रवेश नव्हता. म्हणून कॅप्टन माँटगोमेरी यांनी हिंदी माणसे पाठविली. १८६३ मध्ये मुनशी अब्दुल हमीद यारकंदला गेले आणि परतीच्या वाटेवर मृत्यू पावले. त्यानंतर कुमाऊँच्या जोहार खोऱ्यातील शाळामास्तर नैनसिंह रावत यांनी १८६५-६६ मध्ये ल्हासापर्यंत प्रवास केला. चढ असो वा उतार, पाऊल एकसारखे टाकण्याची तालीम त्यांना डेहराडूनला मिळाली होती. त्यांच्या जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी होते. शंभर पावलांना एक मणी सरकवायचा, म्हणजे पूर्ण माळेची १०,००० पावले होत. सुमारे २००० पावलांचा एक मैल धरला जाई. येथे पावलातील फरक ही चूकच होती; ती शिस्तीने कमी करायची आणि ठिकठिकाणी घेतलेल्या अक्षांशांवरून पडताळायची.

त्याच शतकात युरोपात चालण्याचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला. १८३६ मध्ये जर्मनीतील वेबर बंधूंनी पायाच्या झोक्याची तुलना लंबकाशी केली. १८८१ मध्ये कार्ल फॉन फिअरॉर्ट यांनी बुटांना शाईच्या बारीक नळ्या लावून पावलांच्या खुणा उमटविल्या. तथापि पावलांतील फरकाला स्वतःचा काही क्रम असेल काय, हा प्रश्न पुढील शतकाच्या अखेरीस ऐरणीवर आला.

१९९५ मध्ये अमेरिकेत जेफ्री हाउसडॉर्फ व सहकाऱ्यांनी बुटांतील संवेदकांच्या साहाय्याने तरुण, निरोगी व्यक्तींची चाल नोंदविली. एक टाच टेकल्यापासून तीच पुन्हा टेकेपर्यंतचा काळ प्रत्येक वेळी थोडा बदलत होता. पण हा बदल निव्वळ स्वैर नव्हता. आताच्या पावलाच्या काळाचा शेकडो पावलांपूर्वीच्या काळाशी सांख्यिकीय संबंध आढळला. १९९६ च्या प्रयोगात तालयंत्राच्या ठोक्यावर चालविले असता हा दीर्घ संबंध नाहीसा झाला. पुढच्याच वर्षी वृद्धांमध्ये आणि हंटिंग्टनच्या रोगात तो क्षीण झाल्याचे दिसले. निरोगी चालीत लवचिकता असते, असा अर्थ यातून काढला गेला.

मात्र ‘फरक जितका अधिक तितके आरोग्य उत्तम’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. २००१ मध्ये याच संशोधकांनी वृद्धांचे वर्षभर निरीक्षण केले, तेव्हा पडलेल्या व्यक्तींच्या पावलांच्या काळात आधीपासूनच अधिक चढउतार असल्याचे आढळले. फरकाचे प्रमाण आणि त्या फरकातील क्रम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निरोगी माणसात प्रमाण अल्प असते व क्रम टिकून असतो; वार्धक्यात वा व्याधीत प्रमाण वाढू शकते आणि क्रम विस्कटू शकतो.

विद्यार्थ्यांना इतिहास शिकविताना हे उदाहरण उपयोगी पडेल. नैनसिंहांच्या माळेला पावलांतील फरक नकोसा होता, कारण तिला मैल हवे होते. वैद्यकाला चालणाऱ्या माणसाची प्रकृती जाणायची आहे. म्हणून सर्वेक्षकाने चूक म्हणून बाजूला सारलेला तोच फरक आज म्हातारपणातील पडण्याचा धोका वेळीच ओळखण्यासाठी मोजला जातो.