बोईसरचा माणूस कोणत्या रकान्यात?

1/ सकाळी बोईसर स्थानकाबाहेर उभे राहिले की तारापूर औद्योगिक वसाहतीचे कंत्राटी कामगार, अणुवीज केंद्राचे कर्मचारी, मासळीची टोपली घेतलेल्या मांगेला बायका आणि नाक्यावर थांबलेले वारली मजूर एकाच रिक्षाथांब्याशी दिसतात. या माणसांना शासनाने आजवर कोणकोणत्या मापांनी मोजले, त्याचा हा धागा.

2/ सुरुवात 1882 च्या ठाणे गॅझेटिअरपासून. आजचा पालघर परिसर तेव्हा माहीम तालुक्यात मोडे. जेम्स कॅम्बेल यांनी संपादित केलेल्या या ग्रंथात माणसांची विभागणी जात आणि धंदा यांवर आहे. वारली, काथकरी, दुबळे हे ‘आदिम जमातीं’त. अमुक जात कष्टाळू, तमुक दारूची शौकीन, असे शेरेही सोबत. वाचताना आधी हसू येते, मग येत नाही.

3/ पुढचे माप कर्जाचे. मुंबई सरकारने नेमलेले सनदी अधिकारी डी. सिमिंग्टन यांचा आदिवासींविषयीचा अहवाल 1939 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ‘लग्नगडी’ भेटतो. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत त्याच्या शेतावर राबायचे. बहुधा बायकोनेही. हिशेब सावकाराच्या वहीत, म्हणून फिटणे जवळजवळ अशक्य. जात नव्हे, देणे माणसाची जागा ठरवते, हे सरकारी कागदावर इतक्या स्पष्टपणे क्वचितच उतरले असेल.

4/ मे 1945 मध्ये झरी येथे गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या किसान सभेच्या मेळाव्यात वारल्यांनी वेठ नाकारली. ही वर्गवारी मात्र ज्यांची होती त्यांनीच मोडली.

5/ 1969 मध्ये तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले आणि हळूहळू ‘प्रकल्पग्रस्त’ हा नवा रकाना आला. तिसऱ्या-चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठली. जमिनीचा पुरावा सातबारा. पण मच्छीमाराचा समुद्र कोणत्या सातबाऱ्यावर असतो?

6/ 1 मे 1999 पासून राज्यात तिरंगी शिधापत्रिका आल्या. वार्षिक उत्पन्न 15,000 रुपयांपर्यंत असेल तर पिवळी, त्यापुढे 1 लाखापर्यंत केशरी, त्याहून अधिक असल्यास शुभ्र. घरी चारचाकी असेल तर केशरीही नाही. गॅझेटिअरने कित्येक पाने खर्च करून जे केले, ते आता कार्डाचा रंग करू लागला.

7/ 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानंतर महाराष्ट्राने प्राधान्य कुटुंबांची उत्पन्नमर्यादा ग्रामीण भागात 44,000 आणि शहरी भागात 59,000 रुपये ठरवली.

8/ आता गंमत पाहा. जनगणनेच्या लेखी किमान 5,000 वस्ती, कामकरी पुरुषांपैकी किमान 75 टक्के बिगरशेती आणि दर चौरस किलोमीटरला किमान 400 माणसे असली की गाव ‘जनगणना शहर’ होते. 2011 मध्ये बोईसर असे शहर होते, पण कारभार ग्रामपंचायतीचा. गाव की शहर, हा वाद इथे पारावरचा राहत नाही. त्यात 15,000 रुपयांचे अंतर आहे.

9/ घरात 1999 नंतरची जुनी शिधापत्रिका असेल तर काढून पाहा. रंग नंतर, आधी उत्पन्नाचा आकडा. तो 15,000 च्या किती जवळ लिहिला आहे, ते जरूर कळवा.