जीप, जप्ती आणि थारा

मजबूत गाडी आणि जप्त गाडी ही विशेषणे सख्खी भावंडे आहेत, हे वसुली अधिकाऱ्यांना कुणीतरी सांगायला हवे. अरबी 'जब्त' म्हणजे घट्ट धरणे, ताब्यात ठेवणे. फारसीच्या वाटेने त्याचे आपल्याकडे 'जप्त' झाले. त्याच धातूचे 'मजबूत', आणि शिवकालीन 'कानुजाबता'मधला 'जाबता'ही त्याच घरातला. 'दणकट' मात्र अस्सल देशी दिसतो: 'दण' हा आवाज आणि 'बळकट', 'मळकट'मधला 'कट'. 'रांगडा'ची गोष्ट आणखी गमतीची. माळव्याच्या बोलीला रांगडी म्हणतात. तिकडच्या रजपुतांना मराठी फौजांनी रांगडे म्हटले असावे, आणि परक्या मुलखातल्या माणसाचे नाव पुढे धसमुसळेपणाचे विशेषण झाले असावे. आज तोच शब्द गाड्यांच्या जाहिरातीत कौतुकाने मिरवतो.

मजबूत, दणकट, रांगडा या तिन्ही विशेषणांवर पहिला हक्क जीपचा. पण तिच्या स्वतःच्या नावात दणकटपणाचा मागमूस नाही. 'जनरल पर्पज'च्या आद्याक्षरांची व्युत्पत्ती आपल्याकडे सर्रास सांगितली जाते. ती सोयीची आहे, म्हणूनच संशयास्पद. फोर्डच्या संकेतात 'जी' सरकारी कामासाठी होता आणि 'पी' 80 इंची चाकांतराच्या गाडीसाठी. 'पर्पज'चा तिथे पत्ताच नाही. 'जी-पी'चा उच्चार करताना जीभ 'जीप'वर घसरली असेल, हे शक्य आहे. पण त्याआधी, 1936 साली, पॉपायच्या चित्रमालिकेत 'यूजीन द जीप' नावाचा एक अद्भुत प्राणी आला होता. त्याला कुठेही जाता येई आणि तो 'जीप, जीप' एवढेच बोले. शिवाय सैनिकी बोलीत कच्च्या रंगरुटालाही जीप म्हणत, असे दिसते. तिन्ही ओढे एकत्र मिळाले असावेत. बँटम, विलीज आणि फोर्ड या कंपन्यांच्या भांडणातून गाडी घडली, नाव मात्र छावणीत पडले. पुढे विलीजने त्या नावाचा मालकी हक्क नोंदवला. म्हणून 1951 ची 'टोयोटा जीप' 1954 मध्ये 'लँड क्रूझर' झाली. आपण असली बंधने मानली नाहीत. मराठीत जीप ही जात आहे, ब्रँड नव्हे.

ती मूळची विलीज जवळून पाहावी. पुढची काच बॉनेटवर आडवी पाडता येते. हेडलाइटची खिटी सैल केली की दिवा मागे वळतो आणि प्रकाश थेट इंजिनावर पडतो, म्हणजे अंधारातही दुरुस्ती करता यावी. 2.2 लिटरचे इंजिन, 60 अश्वशक्ती. खाली पाटे. गॅरेजात त्यांना कमानपाटेही म्हणतात: संस्कृत 'पट्ट' आणि फारसी 'कमान' म्हणजे धनुष्य, असा हा संकर. पोलादी पट्ट्यांची चळत वाकवून केलेले ते धनुष्यच. दणका ते खाते, आणि उरलेला बसणाऱ्याची पाठ खाते.

1940 च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईत महिंद्रांकडे याच विलीजची जुळणी सुरू झाली. त्या वंशात 2010 साली 'थार' आली, मागे पाटे कायम ठेवून. 2020 च्या थारमधून पाटे गेले, गुंडाळीच्या स्प्रिंगा आल्या, टचस्क्रीन आला. डिझेल इंजिन पुन्हा 2.2 लिटरचेच, पण ताकद 130 अश्वशक्ती. आणि 2023 मध्ये केवळ मागच्या दोन चाकांवर चालणारी थारही निघाली! गाडी खरोखर आडरानात मरमर मरत होती तेव्हा तिचे नाव एका व्यंगचित्रातल्या प्राण्याशी जुळत होते. आसने मऊ झाली तशी नावे वाळवंटांची आणि गुरख्यांची पडू लागली, असे माझे निरीक्षण आहे. (पुण्याच्या फोर्स कंपनीच्या 'गुरखा' गाडीच्या नावातला शब्द मुळात 'गोरक्ष', म्हणजे गाई राखणारा. खिंडीत लढणारा नव्हे.)

'थार' हे वाळवंटाचे नाव 'थळ'चे रूपांतर असावे, म्हणजे संस्कृत 'स्थल'. आपले अलिबागजवळचे थळ आणि थळ घाट बहुधा त्याचेच चुलत. मराठी कानाला मात्र आधी 'थारा' ऐकू येतो. तोही 'स्था'च्याच कुळातला दिसतो. जीव थाऱ्यावर नसला की मराठी माणूस म्हणे आता थारमध्ये बसतो.

राहिला प्रश्न बारा-पंधरा माणसे कोंबून नेणाऱ्या जीपचा. पश्चिम महाराष्ट्रात तिला, खरे तर त्या सगळ्या व्यवहारालाच, 'वडाप' म्हणतात. ओढणे, बोलीत वढणे, आणि दळप, कांडप, वाढप यांतला प्रत्यय. उतारू ओढून भरायचे ते वडाप, अशी माझी अटकळ. 'वडाप भरलं का?' यातले नपुंसकलिंगही दळप-कांडपाशी जुळते. मराठवाडा-विदर्भात मात्र 'काळीपिवळी'. तिथे व्युत्पत्तीला काही काम उरत नाही, रंग पाहिला की झाले.