जमिनीतले धन आणि शोधणाऱ्याचा वाटा

जमिनीत पुरलेले आणि मालक हरवलेले धन ज्याच्या हाती लागते, त्याला त्यातले किती मिळावे, हा प्रश्न हिंदुस्थानातल्या राज्यकर्त्यांना निदान दोन हजार वर्षे पडत आला आहे. शोधणाऱ्याला काहीच दिले नाही तर तो सापडलेली वस्तू दडवतो, आटवतो, गुपचूप विकतो. सगळेच दिले तर नांगर टाकून लोक कुदळी घेऊन ओसाड गढ्यांकडे वळतात. स्ट्रॅटेजी व्हिडिओ गेम रचणाऱ्यांपुढेही हाच पेच असतो. 1991 साली आलेल्या ‘सिव्हिलायझेशन’ या खेळात नकाशाच्या अज्ञात भागात पाऊल टाकणाऱ्याला एखाद्या पाड्यात सोने मिळते, एखाद्यात नवी विद्या मिळते, तर एखाद्यातून लुटारूच बाहेर पडतात. बक्षीस फार मोठे ठेवले तर शेती-शहरे सांभाळणारा खेळाडू हरतो आणि फार लहान ठेवले तर कोणी शोधायलाच निघत नाही. वऱ्हाडच्या मातीत हा हिशेब खऱ्या पैशांनी आणि खऱ्या शिक्षांनी मांडला गेला.

वऱ्हाडी गावाच्या जमिनीचे दोन भाग असतात. वस्तीची ती पांढरी आणि पिकाची ती काळी. पिढ्यानपिढ्यांच्या मातीच्या भिंती कोसळून, राख-शेण मिसळून पांढरीचे टेकाड तयार होते. ही माती खतासारखी उपयोगी पडते, म्हणून पावसाळ्याआधी ती खणून शेतात नेण्याची जुनी रीत आहे. बहुतेक जुनी नाणी, मणी, खापरे या रीतीमुळेच उजेडात आली. तिवसा तालुक्यात वर्धा नदीच्या काठी वसलेले कौंडिण्यपूर अशाच टेकाडांचे गाव आहे. विदर्भराज भीष्मकाची राजधानी आणि रुक्मिणीचे माहेर म्हणून त्याची ख्याती आहे.

धन जमिनीत जाण्याची कारणे साधी होती. पेढी दूर, चोर जवळ. त्यात वऱ्हाडात अठराव्या शतकात दोअमली होती, म्हणजे एकाच मुलखातून निजामही वसूल करी आणि नागपूरकर भोसलेही. 1803 साली इंग्रजांशी अडगावची लढाई झाली, गाविलगडचा किल्ला पडला आणि देवगावच्या तहाने भोसल्यांनी वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख सोडला. त्याच सुमारास दुष्काळाने गावे ओस पडली आणि पुढे 1817-18 पर्यंत पेंढाऱ्यांची धाड हे नेहमीचे संकट होऊन बसले. अशा काळात धान्य पेवात आणि दागिने-रुपये हंड्यात घालून चुलीखाली, देवघराखाली किंवा भिंतीत पुरून ठेवणे हाच शहाणपणा होता. पुरणारा माणूस धाडीत किंवा पटकीत गेला की ठिकाणही त्याच्याबरोबर जाई.

यातूनच गुप्तधनाच्या समजुतींचे मोठे जाळे विणले गेले. पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या, माणसाला जमिनीखालचे दिसते, डोळ्यांत अंजन घातले की हंडा दिसतो, धनावर नाग बसलेला असतो, लमाणांच्या तांड्यांनी वाटेत माल पुरून ठेवला आहे, अमावस्येला उतारा दिल्याशिवाय धन हाती लागत नाही आणि लागले तर कोळसे होतात. यातली शेवटची समजूत मांत्रिकाच्या फार सोयीची होती. धन निघाले नाही की विधीत चूक झाली असे सांगून पुन्हा पैसे उकळता येत. धन सापडल्याच्या गोष्टी गावोगाव सांगितल्या जात. त्या शोधात जमीन विकलेल्यांच्या गोष्टी मात्र क्वचितच कोणी सांगे.

राज्यशास्त्राने या प्रश्नाकडे कोरड्या नजरेने पाहिले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात खाण, रत्ने किंवा निधी यांची खबर देणाऱ्याला सहावा हिस्सा सांगितला आहे. खबर देणारा पगारी नोकर असेल तर त्याला निम्मा, म्हणजे बारावा. एक लाखाच्या वरचा निधी सरळ राजाचा, त्याखालचा सापडणाऱ्याचा, पण त्यातला सहावा भाग राजाला द्यायचा. वाडवडिलांचे धन पुराव्यानिशी सिद्ध करणाऱ्या सचोटीच्या रहिवाशाला ते पूर्ण मिळे, पुरावा नसताना घेतले तर पाचशे पण (त्या काळचे नाणे) दंड आणि लपवून घेतले तर हजार. लाखाची मर्यादा इथे मुद्दाम लक्षात घ्यावी. कौटिल्याने लहान धनासाठी शोधणाऱ्याला हात सैल ठेवला, पण एका झटक्यात कोणी सरदाराच्या तोडीचा धनाढ्य होणार नाही याचीही तजवीज केली.

मनुस्मृतीचा कल वेगळा आहे. तिथे जमिनीतल्या जुन्या निधीचा अर्धा भाग राजाचा, कारण तो भूमीचा रक्षक आणि स्वामी. विद्वान ब्राह्मणाला मात्र सापडलेले सगळे ठेवण्याची मुभा. याज्ञवल्क्य स्मृतीने इतरांच्या बाबतीत सहाव्या हिश्श्याचा उल्लेख केला, पण तो सहावा कोणाचा, यावर निकाल अवलंबून होता. चालुक्यांच्या कल्याणीत विज्ञानेश्वराने लिहिलेली मिताक्षरा टीका महाराष्ट्रात पुढे शेकडो वर्षे प्रमाण मानली गेली. तिने अर्थ लावला तो असा: सहावा हिस्सा सापडणाऱ्याला द्यावा आणि बाकीचे राजाने घ्यावे. एवढ्या एका अर्थाने शोधणाऱ्याचा वाटा सहापैकी पाचावरून एकावर आला. असा नियम असताना गावकरी धन कचेरीत घेऊन जात असतील, यावर विश्वास ठेवणे कठीण आहे.

प्रत्यक्ष वऱ्हाडातला पुरावा त्याहून बोलका आहे, आणि तोही नांगराच्या फाळालाच लागला. अचलपूरजवळच्या चम्मक या गावी 1868 च्या सुमारास शेत नांगरताना ताम्रपट निघाले. ते पाचव्या शतकातल्या वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाचे होते. भोजकट प्रदेशातले चर्मांक, म्हणजे आजचे चम्मकच, हे गाव एक हजार ब्राह्मणांना दान दिल्याची ती सनद होती. पुरालेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी 1888 साली ती प्रसिद्ध केली. दानाबरोबर मिळणाऱ्या सवलतींची त्यात लांबलचक यादी आहे. राजाच्या शिपायांनी गावात शिरू नये, फुले-दूध मागू नये, वेठ घेऊ नये, आणि जमिनीतले निधी व ठेवी यांवरचा हक्कही दान घेणाऱ्यांचा. म्हणजे पुरलेल्या धनावरचा राजाचा हक्क ही तेव्हा केवळ शास्त्रातली गोष्ट नव्हती. सोडून देण्याइतकी ती खरी आणि किमती होती. मात्र सनदेत गावकऱ्याचा, म्हणजे प्रत्यक्ष नांगर धरणाऱ्याचा, वाटा कुठेच नाही. त्याच्या दृष्टीने हक्क एका धन्याकडून दुसऱ्या धन्याकडे गेला, इतकेच.

इंग्रजी अमलात हा हिशेब नव्याने मांडला गेला. 1878 च्या हिंदुस्थानी निखात निधी कायद्याने जमिनीत दडलेल्या कोणत्याही मोलाच्या वस्तूला निधी ठरवले. दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडला तर त्याचे स्वरूप, अंदाजे किंमत, ठिकाण आणि तारीख कलेक्टरला लेखी कळवणे आणि वस्तू सरकारी खजिन्यात ठेवणे किंवा जामीन देणे सक्तीचे झाले. चांदीचा रुपया एक तोळ्याचा असल्याने दहा रुपये म्हणजे दहा तोळे चांदीचे नाणे, ही शेतमजुराच्या दृष्टीने लहान रक्कम नव्हती. कलेक्टर जाहीरनामा काढी आणि चार ते सहा महिन्यांच्या दरम्यानची तारीख देऊन दावेदारांना बोलावी. मागच्या शंभर वर्षांत ते धन आपण किंवा आपल्या पूर्वजाने पुरले असे कोणी सिद्ध करू शकला नाही, तर निधी बेवारस ठरे. मग जमिनीच्या मालकाशी वेगळा करार नसेल तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला आणि एक चतुर्थांश मालकाला. मालक पुढेच आला नाही, तर सगळे सापडणाऱ्याला.

मनू आणि मिताक्षरेच्या मानाने ही उलटापालट होती. सरकारने हिस्सा मागणेच सोडले. पाया खणणारा मजूर आणि घरमालक यांच्यातही मजुराचे पारडे जड ठेवले. अर्थात हे कागदावर. कचेरीची पायरी चढायला घाबरणारा मजूर मालकाने हातावर ठेवलेल्या दोन रुपयांवर गप्प बसला, तर कायद्याला त्याचा पत्ता लागण्याचे कारण नव्हते. न कळवणाऱ्याचा वाटा मात्र सरकारजमा होई, आणि वर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही.

या रचनेतला खरा दोष निराळ्या कलमात आहे. सरकारला निधी संग्रहालयासाठी हवा असेल तर त्यातल्या धातूची किंमत अधिक तिचा पाचवा भाग देऊन तो घेता येई. सोन्याचांदीच्या बाबतीत हा सौदा वाईट नव्हता. नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी येथे 1906 साली क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी मिळाली आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला आढळला. क्षत्रप हरले आणि सातवाहन जिंकले, याचा एवढा ढळढळीत पुरावा दुसरा नाही. चांदी असल्यामुळे त्या नाण्यांचे मोल कोणालाही कळत होते. पण इतिहासाला जे सर्वांत हवे असते, ते पुष्कळदा बाजारात कवडीमोल असते. तऱ्हाळा हे गाव तेव्हा अकोला जिल्ह्याच्या मंगरूळ तालुक्यात होते, आज वाशीम जिल्ह्यात आहे. तिथे 1939 साली सातवाहनांची दीड हजारांच्या आसपास नाणी मिळाली, तीही पोटीनची, म्हणजे तांबे, कथील, शिसे यांच्या हलक्या मिश्रणाची. संशोधक वा. वि. मिराशी यांनी ती वाचली तेव्हा कुंभ, कर्ण आणि शक सातकर्णी अशी पुराणांच्या वंशावळीत नसलेली नावे पुढे आली. त्याच वर्षी वाशीमच्या ताम्रपटाने वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचे अस्तित्व पक्के केले. या दोन्ही शोधांतला धातू तांबटाकडे नेला असता तर किरकोळ रक्कम आली असती. त्यावर पाचवा हिस्सा जास्त देऊन कोणाला मोह पडणार?

दायमाबादचे उदाहरण याच जातीचे. श्रीरामपूर तालुक्यातल्या या गावी 1974 साली एका गावकऱ्याला झुडपाच्या मुळाशी खणताना काशाची चार शिल्पे मिळाली: बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. एकूण वजन साठ किलोंहून अधिक. ती मोडीच्या भावाने आटवली गेली असती तर हडप्पाकालीन धातुकामाचा धागा दख्खनपर्यंत येतो की नाही, हा वादही उभा राहिला नसता. इंग्लंडने 1996 च्या कायद्याने वस्तूची बाजारभावाने किंमत ठरवून बक्षीस देण्याची पद्धत पक्की केली, तेव्हा तिथल्या शोधकाला वस्तू दाखवण्यात तोटा उरला नाही. हिंदुस्थानी कायदा धातूच्या तराजूपाशीच थांबला.

शास्त्रीय उत्खननाने बक्षिसाचा प्रश्नच बाजूला सारला. कौंडिण्यपूरला मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी राज्य सरकारच्या वतीने उत्खनन केले आणि 1968 साली त्याचा अहवाल निघाला. दीक्षित हे मण्यांचे आणि काचेचे जाणकार. मांत्रिक ज्याकडे ढुंकूनही पाहणार नाही ते मणी, बांगड्यांचे तुकडे आणि खापरेच त्यांच्या दृष्टीने धन होते. सातवाहनांच्या आधीपासूनची वस्ती थराथराने त्यातून उलगडली. हंडा शोधणारा माणूस नेमके हेच थर मोडून टाकतो, आणि एकदा मोडलेला थर पुन्हा लावता येत नाही.

पुढचे कायदे बक्षिसापेक्षा धाकावर भर देणारे आहेत. 1972 च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या नाण्या-मूर्तींच्या व्यापारावर परवान्याचे बंधन घातले आणि त्या परदेशी नेण्याचा मार्ग खासगी माणसाला बंद केला. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुप्तधनाच्या नावाखाली केलेले अघोरी प्रकार गुन्हा ठरवले. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे आणि दंड पाच ते पन्नास हजार. याच तिवसा तालुक्यातल्या मोझरीहून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी अंधश्रद्धेविरुद्ध जन्मभर प्रचार केला, तरी कायदा करण्याची वेळ यायची ती आलीच.

1878 चा कायदा अजून लागू आहे. पांढरीची माती वाहताना किंवा घराचा पाया खणताना काही निघाले तर ते घासूनपुसून चकचकीत करू नये, वाटून घेऊ नये. निघाले ती जागा आणि खोली टिपून ठेवावी आणि तहसील कचेरीला लेखी कळवून पोच घ्यावी. तीन चतुर्थांशावरचा हक्क सांगायला ती पोचच उपयोगी पडते.