ओहोटीची बोट

डोळे उघडेच ठेवा, मागे जायचंय ते नाकाने. एक मोठा श्वास घ्या. आधी ओला दोर, मग इंजिनाचं तेल, मग सुकी मासळी, आणि त्या सगळ्यातून वाट काढत येणारा साजूक तुपाचा वास. तो तुमच्या मांडीवरच्या पत्र्याच्या डब्यातून येतोय. आत मामीने दिलेल्या करंज्या आणि अनारसे आहेत, आणि डबा घरापर्यंत धड नेण्याचं काम तुमच्यावर सोपवलेलं आहे. तुम्ही दहा वर्षांचे आहात. साल 1958. भाऊच्या धक्क्यावर अण्णांच्या ट्रंकेवर बसून तुम्ही रेवसच्या बोटीची वाट पाहताय. दिवाळीची सुट्टी संपली, उद्या शाळा.

कानात अजून गिरगाव आहे. पंधरा दिवस ट्रामची खडखड ऐकत झोपलात, चाळीच्या गॅलरीत मामेभावंडांबरोबर टिकल्या फोडल्यात, आणि आज व्हिक्टोरियात बसून घोड्याच्या टापा मोजत धक्क्यावर आलात. खिशात टिकल्यांची एक डबी उरली आहे. दप्तरात शुद्धलेखनाची वही आहे. सुट्टीत एकवीस पानं लिहायची होती, सात झाली आहेत. ते आत्ता कुणाला सांगू नका.

“अण्णा, कधी पोचणार?”

अण्णा मनगटावरचं घड्याळ बघत नाहीत, धक्क्याच्या पायऱ्यांकडे बघतात. शेवाळ धरलेल्या चार पायऱ्या उघड्या पडल्या आहेत. “पाणी उतरतंय,” ते म्हणतात. तेवढ्यात तुम्ही समजायचं. बोट सुटायची वेळ लिहिलेली असते, पोचायची वेळ पाण्यावर असते.

फळी पडते आणि माणसं एकदम उसळतात. डबा छातीशी धरा. कुणाची वळकटी डोक्याला लागेल, कुणाच्या पिशवीतला नवा कोरा पितळी तांब्या बरगडीत रुतेल. उन्हात तापलेला कठडा हाताला चटका देतो. आतल्या बाकांवर बसू नका, तिथे इंजिनाची धग आणि धूर आहे. अण्णांना ते माहीत आहे, म्हणून ते तुम्हाला दंडाला धरून पुढच्या बाजूला नेतात. तिथे कोळणी बसल्या आहेत. पहाटे भरलेल्या पाट्या घेऊन त्या मुंबईला गेल्या होत्या, आता मोकळ्या पाट्या एकात एक घालून घरी निघाल्यात. अंबाड्यात अबोलीचे वळेसर, कमरेला पैशांची गाठ, आणि आवाज असा की इंजिनालाही ऐकू जावा. एक जण तुमच्याकडे बघून सरकते. “बस रं पोरा हितं. पाटीवं नको बसू, ओली हाय.” तुम्ही बसता. ओलं व्हायचं ते होतंच.

शेंगदाणेवाला फिरतो. पुडीला एक आणा. तुमच्याकडे आणा नाही, नवे पैसे आहेत. गेल्याच वर्षी आले, अजून सगळ्यांच्या हातात बसलेले नाहीत. आण्याचे सहा की सात यावरून एक म्हातारा त्याच्याशी तावातावाने भांडतोय. तुम्ही सहा मोजून देता आणि पुडी घेता. दाणे गरम आहेत, खारे आहेत, आणि पुडीचा कागद कुणाच्या तरी गणिताच्या वहीचा आहे.

मुंबई मागे सरकते. गोद्यांमधल्या याऱ्या, मग गेटवे, मग ताजचा घुमट, सगळं हळूहळू धुरकट होत एकमेकांत मिसळतं. डावीकडे घारापुरी, पुढे करंजाचा द्रोणागिरी. वारा खारट लागतो, ओठ चाटून बघा. मागे फेसाच्या पट्ट्यावर कुरव पक्षी घिरट्या घालतायत; थंडीचे पाहुणे आहेत ते. त्यांना दाणे टाकायचा मोह आवरा, सहा नव्या पैशांचे आहेत.

मग एका ठिकाणी गलका आपोआप खाली येतो. समोरची आजी पदर डोक्यावर घेऊन पाण्याकडे हात जोडते. तिकडे काशाचा खडक आहे. अकरा वर्षांपूर्वी, 17 जुलै 1947 ला, गटारीच्या अमावास्येला, भाऊच्या धक्क्यावरून रेवसलाच निघालेली रामदास बोट त्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. मुंबईला मासळी घेऊन निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी होड्यांतला माल समुद्रात टाकून दिला आणि माणसं वर ओढली, असं इथे सांगतात. या किनाऱ्यावर ज्याच्या नात्यात, शेजारात किंवा वर्गात त्या बोटीची आठवण नाही, असं घर सापडणं कठीण. तुमच्या शेजारची कोळीण काही बोलत नाही. तुमच्या खांद्यावर मात्र तिचा हात येऊन पडलेला असतो, आणि खडक मागे जाईपर्यंत तो तिथेच राहतो.

कनकेश्वराचा डोंगर दिसला की लोक उगाचच सामान हलवायला लागतात. पण अण्णा बरोबर होते. धक्क्याशी पाणी नाही. बोट खाडीच्या तोंडाशी थांबते, इंजिन गप्प होतं, आणि त्या शांततेत पहिल्यांदा रेवसचा वास येतो. गाळ, तिवरं, शिजल्यासारखं कोमट खारं पाणी. गिरगावच्या पाहुण्यांनी नाक धरलं असतं. तुम्ही पोटभर ओढून घेता.

होडी येते. ट्रंक जाते, वळकटी जाते, कोळणी अशा उतरतात जशा ओटीवरून अंगणात. तुमचा डबा हातोहात पुढे जातो. चार अनोळखी हातांतून, आणि त्या चार क्षणांत तुमचा जीव त्या करंज्यांत अडकलेला असतो. धक्क्याच्या खालच्या पायरीवर पाय घसरतो आणि एक पाय घोट्याच्या वर गाळात जातो. गाळ वरून गरम, आतून गार. नवी चप्पल चक्क ओढून काढावी लागते. कुणी रागवत नाही. रेवसला ओहोटीला उतरणारा माणूस असाच उतरतो.

आज रेवसजवळच्या मांडव्याला रो-रो बोटीत मोटार घालून तासाभरात उतरता येतं. 2020 पासूनची ही सोय मोठी आहे, आजारी माणसासाठी तर फारच मोठी, आणि ती नसती तर बरं असं मी कधीच म्हणणार नाही. मला हवी असते ती फक्त ती मधली वेळ, जिच्यात घर एकदम समोर उभं राहत नसे. आधी वास यायचा, मग चिखल, मग धूळ.

धूळ आता येते. वर एस.टी. थांबली आहे, बोटीची माणसं घेतल्याशिवाय ती हलत नाही. खिडकीची जागा पकडा. सीट उन्हाने तापलेली, गाळाचा पाय सुकून ताणला जातोय. कंडक्टर तिकिटाला भोक पाडतो, दोरी ओढतो, घंटा वाजते. बोडणीला वलांड्यांवर बोंबील रांगेने लटकतायत, गाडी त्यांच्या वासातून जाते. मग खाजणं मागे पडतात आणि भाताच्या पेंढ्याचा गोड, कोरडा वास आत शिरतो. खळ्यांवर झोडणी चालू आहे. कापलेल्या शेतांत वाल पेरलाय, पांढऱ्या कांद्यासाठी जमीन नांगरून ठेवलीय. सासवण्याकडे जाणारे काही जण वाटेत उतरतात. तिथे शिल्पकार करमरकरांचं घर आहे, घरभर पुतळे आहेत, आणि ते स्वतः अजून तिथे काम करतायत. झिराड, चोंढी, थळ. प्रत्येक थांब्यावर कुणी तरी ड्रायव्हरला निरोप देतो, कुणी कोंबडी चढवतो, कुणी नुसता गाडीत डोकावून जातो. गाडी घाई करत नाही. वहीची चौदा पानं तेवढी घाई करतायत.

अलिबागच्या स्टँडवर उतरलात की आधी ऐका. काही नाही, नाही का? माडांची सळसळ, लांबून लाटांचा एकसुरी आवाज, कुठल्याशा वाडीत राहाटाची कुरकुर. मुंबईत विजेच्या ट्रामा येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकसुई थाऱ्यावर राहणार नाही, म्हणून 1904 मध्ये तिचं काम या गावात आणलं. अण्णांनी हे तुम्हाला दहादा सांगितलंय आणि वेधशाळेच्या बाजूला हात करून ते आताही सांगतात. तुमच्या कानांतली ट्राम तेवढ्यात कुठे तरी थांबलेली असते, केव्हा ते कळत नाही.

घराशी पोचेपर्यंत अंधारून येतं. अंगणात शेणसड्याचा वास, ओटीवर कंदील, आणि आजी. तिला गिरगावचं सगळं सांगायचं तुम्ही वाटेत ठरवलंय. रोषणाई, मामेभाऊ, नवा सदरा. तुम्ही डबा पुढे करता. ती झाकण उघडते, आत बघते. एक करंजी तेवढी मोडली आहे.

“पाणी कसं होतं रेवसला?” ती विचारते.

“ओहोटीचं.”

ती कंदील खाली धरते. पोटरीवर सुकून भेगाळलेला, राखाडी गाळ दिसतो. “दिसतंयच,” म्हणत ती तांब्या घ्यायला न्हाणीकडे वळते, आणि तुम्ही वही दप्तरात आणखी खोल ढकलून अंगणातल्या दगडावर पाय ठेवता.