तुटणाऱ्या गुणसूत्रांचा माग

मूल वर्षाचे होते, चालू लागते. पण त्याचा तोल काही केल्या सावरत नाही. चार-पाच वर्षांनी डोळ्यांच्या पांढऱ्या भागात बारीक लाल रक्तवाहिन्या दिसू लागतात. छातीचे आजार वरचेवर होतात. दहा-बारा वर्षांच्या सुमारास बहुधा चाकाची खुर्ची येते. 'अटॅक्झिया तेलँजिएक्टेशिया' हा तो दुर्मीळ आनुवंशिक विकार. पहिल्या शब्दाचा अर्थ तोल जाणे, दुसऱ्याचा सूक्ष्म रक्तवाहिन्या फुगणे.

1926 साली प्रागच्या सिलाबा आणि हेनर या डॉक्टरांनी एकाच घरातील तीन भावंडांत ही लक्षणे नोंदवली. 1941 मध्ये डेनिस लुई-बार यांनी नऊ वर्षांच्या एका बेल्जियन मुलाचे वर्णन केले. पुढे अमेरिकेत बोडर आणि सेजविक यांनी विकाराला आजचे नाव दिले. शवविच्छेदनात त्यांना अनुमस्तिष्काची झीज दिसलीच, शिवाय प्रतिकारशक्ती घडवणारी थायमस ग्रंथीही नीट वाढलेली आढळली नाही. मेंदूचा आजार आणि थायमस यांचा संबंध काय?

याचा पहिला धागा 1966 मध्ये हाती आला. हेक्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा गुणसूत्रे जागोजागी तुटलेली दिसली. दुसरा धागा फार महाग पडला. या मुलांना रक्ताचे व लसिका ग्रंथींचे कर्करोग अधिक होतात. त्यावर नेहमीच्या मात्रेत किरणोपचार दिले, तर शरीर भयंकर होरपळे. काही मुले त्यातच दगावली. 1967 पासून असे अनुभव छापून येऊ लागले. 1975 मध्ये इंग्लंडमधील टेलर यांच्या गटाने रुग्णांच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून दाखवले, की दोष पेशीतच आहे: किरणांनी त्या इतर पेशींपेक्षा फार सहज मरतात.

1988 मध्ये गॅटी यांच्या गटाने जनुकाची जागा अकराव्या गुणसूत्रावर निश्चित केली. 1995 मध्ये इस्रायलच्या योसेफ शिलो यांच्या गटाने ते जनुक शोधून काढले. त्याचे नाव एटीएम. डीएनएचे दोन्ही धागे तुटले, की या जनुकापासून बनणारे प्रथिन धोक्याची घंटा वाजवते, पेशीविभाजन थांबवते आणि दुरुस्तीला बोलावते. प्रतिकारशक्तीच्या पेशी तर आपली जनुके मुद्दाम कापून पुन्हा जोडत असतात. पहारेकरीच नसेल तर ही जोडणी चुकते. म्हणूनच या रुग्णांत सातव्या आणि चौदाव्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांना चिकटलेले वारंवार आढळतात. थायमसचा संबंध तो हा.

आता आमच्या कोल्हापूरकडे वळू. हा विकार अप्रभावी आहे. आई आणि वडील दोघेही सदोष जनुकाचे वाहक असले, तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता चारांत एक. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आपल्या भागात जुनी आहे. सख्ख्या आते-मामे भावंडांची सरासरी एक अष्टमांश जनुके एकाच आजी-आजोबांकडून आलेली असतात, त्यामुळे एरवी दुर्मीळ असलेले सदोष जनुक दोन्हीकडून एकत्र येण्याची शक्यता वाढते. आनुवंशिकतेचा धडा शिकवताना मेंडेलच्या वाटाण्यांबरोबर हा हिशेबही फळ्यावर मांडावा, असे आम्हाला वाटते. कुणाच्या घराला दोष न देता.

या विकारावर आजही रामबाण उपाय नाही. पण निदान वेळेवर झाले, तर अनावश्यक क्ष-किरण टळतात, संसर्गावर लवकर उपचार होतात. तेव्हा वर्गात सतत अडखळणारे, अक्षर वेडेवाकडे काढणारे मूल दिसले, तर रागावण्याआधी त्याच्या डोळ्यांकडे जरा निरखून पाहू या.