शिवछत्रपतींचे डच ताम्रमुद्रित चित्र : प्रतिकृतीचे साधनमूल्य

रेवस बंदराच्या नैऋत्येस, थळसमोर असलेल्या खांदेरी बेटावरून १६७९ मध्ये मराठे व मुंबईकर इंग्रज यांच्यात आरमारी संघर्ष झाला. शिवाजी महाराजांच्या हालचाली टिपणारे युरोपीय व्यापारी या किनाऱ्यावर होते. तथापि महाराजांची काही महत्त्वाची जुनी चित्रे कोकणातील नसून गोवळकोंड्याच्या शैलीतील आहेत. १६७७ मध्ये महाराजांनी भागानगरास कुतुबशहाची भेट घेतली होती. महाराजांच्या निधनानंतर, १६८० च्या दशकात, तेथील चित्रकारांनी युरोपीय ग्राहकांसाठी राजपुरुषांच्या चित्रांचे संच तयार केले. त्यांतील महाराजांची चित्रे आज ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये व लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

हॉलंडमध्ये अशा चित्रांविषयी कुतूहल होते. रेम्ब्रांटसारख्या श्रेष्ठ चित्रकारानेही सुमारे १६५६ ते १६६१ या काळात मोगल लघुचित्रांवरून रेखाटने केली. पुढे फ्रान्स्वा व्हॅलेंटाईन या डच धर्मोपदेशकाच्या १७२४ ते १७२६ दरम्यान प्रसिद्ध झालेल्या बृहद्ग्रंथात महाराजांचे चित्र ताम्रमुद्रणाने छापले गेले.

मूळ चित्र पत्र्यावर जसेच्या तसे उतरविल्यास छाप उलटी उमटते. डावे ते उजवे होते. रंगच्छटांची जागा रेषांची जाळी घेते. पोशाखाचे बारकावे कोरणाऱ्याच्या आकलनानुसार बदलतात. म्हणून केवळ ताम्रमुद्रित प्रतीवरून दिशा, शस्त्र वा वस्त्र यांविषयी निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते.

प्रतिकृतीला साधनमूल्य नाही, असा मात्र याचा अर्थ नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी इब्राहिम खान नामक व्यक्तीचे चित्र महाराजांचे म्हणून प्रचलित होते. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी ही चूक निदर्शनास आणून व्हॅलेंटाईनशी निगडित डच परंपरेतील चित्र १९३३ साली महाराष्ट्रासमोर ठेवले. समाजाने ज्या चेहऱ्यापुढे मस्तक नमवावे, तो चेहराच दुसऱ्याचा असावा, हा प्रमाद केवळ कलेतिहासापुरता मर्यादित नव्हता. या दुरुस्तीला आधार मिळाला तो चित्राच्या देखणेपणाचा नव्हे, तर त्याच्या नावाचा व उगमाचा.

सारांश, मूळ चित्रकार, संग्राहक, कोरणारा व प्रकाशक या प्रत्येक हाताची स्वतंत्र तपासणी केल्यावरच अशी प्रतिकृती विश्वसनीय साधन ठरते. चित्र कोणाचे, या प्रश्नाबरोबरच ते कोणाच्या हातून येथवर आले, हा प्रश्नही इतिहासाच्या अभ्यासकाने विचारणे अगत्याचे आहे.